दुबईचं कर्ज तिकडंच मिटवावं, की सोलापुरात आणावं?

माझा मावसभाऊ सात वर्षं शारजात होता. परत यायच्या आठवड्यात फायनल सेटलमेंट जमा झाल्याचा मेसेज सकाळी आला आणि दुपारी एटीएमवर गेला तर पैसे निघेनात. बँकेनं खातं गोठवलं होतं. विमानाचं तिकीट शेवटी खोलीतल्या मित्रानं काढून दिलं. कर्ज बाकी असताना नोकरी सुटल्याचं कळलं की तिकडच्या बँका सर्रास असंच करतात, पण त्याला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आता ज्यांच्या घरी कुणी ‘गड्ड्याच्या यात्रेपर्यंत कायमचा येतो’ म्हणतंय, त्यांनी तिकीट काढायच्या आधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय.

आधी हातात काय पडणार ते मोजा. ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते, भत्ते धरून नाही. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, त्यापुढं दर वर्षाला 30 दिवसांचा. मूळ पगार 5,000 दिरहम आणि नोकरी सात वर्षं धरा: 165 दिवस, म्हणजे 27,500 दिरहम. समोर पर्सनल लोन 60,000 आणि क्रेडिट कार्डाची बाकी 15,000.

कार्डाचा विचार करत बसू नका. तिकडं कार्डाला महिन्याला तीन टक्के किंवा त्याहून जास्त व्याज लागतं. असलं कर्ज कुठल्याही देशात नेण्याच्या लायकीचं नाही. ते आधी संपवा. उरलेले 12,500 लोनमध्ये भरा. राहिले 47,500. खरा प्रश्न या रकमेचा आहे.

एक वाट म्हणजे इथून हप्ते भरत राहणं. ऐकायला सोपी, पण रुपयात कमावणाऱ्याला सगळ्यात फसवी. दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दरानं बांधलेला आहे, म्हणजे डॉलर चढला की तुमचा हप्ताही चढतो. 2020 मध्ये दिरहम वीस रुपयांच्या आसपास होता, 2025 संपता संपता चोवीसच्या वर गेला. 2,000 दिरहमचा हप्ता 40,000 वरून 48,000 वर. सोलापुरात तुम्हाला पंचवीस हजारांची नोकरी मिळाली, तर हा हप्ता कुठून काढणार? ही वाट दोघांनाच परवडते. एक, ज्याची बायको किंवा भाऊ अजून तिकडं दिरहममध्ये कमावतोय. दुसरा, ज्याच्याकडं डॉलर शिल्लक आहेत. त्यानं ते रुपयात बदलू नयेत. परतल्यावर इथल्या बँकेत आरएफसी, म्हणजे निवासी परकीय चलन खातं उघडता येतं. त्यात डॉलर डॉलरच राहतात आणि हप्ता तिथूनच जातो.

दुसरी वाट, इथं कर्ज काढून तिकडचं एकरकमी बंद करणं. मावसभावानं हेच केलं. नवी पेठेजवळच्या शाखेत मावशीच्या पाटल्या आणि मोहनमाळ काट्यावर ठेवली, तेव्हा ती माझा हात धरून बसली होती. खडे आणि लाखेचं वजन वजा होताना तिनं प्रत्येक आकडा विचारून घेतला. चोवीसच्या भावानं 47,500 दिरहम म्हणजे 11 लाख 40 हजार रुपये. मोठ्या रकमेला सोन्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं, म्हणजे साधारण पंधरा लाखांचं सोनं गहाण. व्याज इथं कदाचित थोडं जास्तही पडेल. तरी मी हीच वाट चांगली म्हणेन, कारण कर्ज रुपयात आलं आणि कमाईही रुपयात. दहा टक्क्यांनी व्याज महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास होतं. निदान ते तरी पगारातून निघतं. मुद्दल मात्र उभंच राहतं आणि फेडलं नाही तर दागिने लिलावात जातात, हे घरातल्या बायकांना आधी स्पष्ट सांगा. सोनं त्यांचं आहे. घरावर कर्ज चालू असेल तर त्यावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, मिळतं का हेही बघा, हप्ता लांबवता येतो. सावकाराकडं जाऊ नका: शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के.

परदेशात असताना काढलेलं कर्ज परत आल्यावर इथून फेडायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत. फक्त एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापला जातो. आपल्या उदाहरणात 1 लाख 40 हजारांवर 28,000. विवरणपत्र भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. परतीची तारीख मार्चच्या आसपास असेल तर थोडी रक्कम 31 मार्चच्या आधी आणि बाकी नंतर पाठवा. मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क तिकडं बाकी रकमेच्या एक टक्क्याहून जास्त घेता येत नाही.

तिसरी वाट सगळ्यांना माहीत आहे: गुपचूप निघून येणं. ‘आता चेक बाउन्स गुन्हा नाही’ असं लेबर कॅम्पमध्ये सांगतात, ते अर्धंच खरं. 2022 पासून नुसता शिल्लक नसल्यामुळं चेक परत गेला तर सहसा फौजदारी होत नाही. पण कर्ज देताना तारण म्हणून घेतलेला तोच सिक्युरिटी चेक घेऊन बँक सरळ वसुलीच्या न्यायालयात जाऊ शकते. शिवाय जानेवारी 2020 पासून भारतानं अमिरातीच्या दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली मान्य केलेत. तिकडचा निकाल घेऊन बँक सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वसुली मागू शकते. बाजू न ऐकता निकाल झाला असेल तर तुम्हाला हरकत घेता येते, पण तोवर वकील, तारखा आणि घरच्यांच्या फोनवर वसुलीवाले. पुन्हा आखातात नोकरी लागली तर विमानतळावरच अडकण्याची भीती वेगळी.

नोकरीच गेली असेल आणि सोनंनाणं काही नसेल, तर व्हिसा रद्द व्हायच्या आधी बँकेत जाऊन हप्ता कमी करून मागा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. लोनसोबत नोकरी गेल्याचा विमा आहे का तेही तिथंच विचारा. स्वतः राजीनामा दिला असेल तर तो सहसा मिळत नाही. कर्ज बंद झाल्यावर क्लिअरन्स लेटर, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, आणि सिक्युरिटी चेक, दोन्ही मागून घ्या. कार्डाचं पत्र द्यायला काही बँका दीड महिना लावतात, तेव्हा निघायच्या निदान दोन महिने आधी कार्ड बंद करा.