हॉटेलच्या लॉबीतला नाताळचा गोठा : मूर्ती अव्वल, उजेड चुकला

बेळगावातल्या एका पंचतारांकित हॉटेलने यंदा फायबरचा तयार संच न आणता हाताने घडवलेला गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडलाय. रुंदी साधारण १० फूट, खोली ५.

मूर्ती खानापूरच्या मातीच्या, भट्टीत भाजलेल्या. निवड योग्यच, कारण शाडूची कच्ची मूर्ती एसीच्या कोरड्या हवेत लवकर तडकते. भाजणीत धोका वेगळा असतो. जाड भागात ओल राहिली की तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. म्हणून फूटभर उंचीची मूर्ती आतून पोकरून तिची भिंत अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवतात, तळाला भोक पाडतात आणि सावलीत सावकाश वाळवतात. इथे बैलाच्या भरदार मानेवरसुद्धा चीर नाही. कुंभाराला मनापासून दाद!

पुढचे मेंढपाळ फूटभराचे, टेकडीवरचे जेमतेम ४ इंचांचे, त्यामुळे ५ फुटांत मैलभराचं अंतर दिसतं. अठराव्या शतकात नेपल्सच्या कारागिरांनी मातीची डोकी, तार आणि वाखाचं अंग अशा बाहुल्यांना खरे कपडे चढवले. इथलं कापडकाम त्याच वळणाचं आहे. मेंढपाळांची घोंगडी विरळ करून घेतलीय, म्हणून ती खांद्यावर नीट पडते. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांपैकी एकाच्या शेल्याला मात्र इरकली साडीचा अख्खा काठ लावलाय. त्या उंचीला तो फार रुंद होतो, चेहऱ्याआधी काठच दिसतो.

छपराला छोटी मंगलोरी कौलं, खाली भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा. ते कडक उन्हात वाळवलेलं नसेल तर कुबट वास येतो, किडे होतात. शिवाय दिव्यांच्या माळेजवळ कोरडं पिंजर म्हणजे आगीला आमंत्रण. ते सहज पेटू नये म्हणून १ लिटर गरम पाण्यात ७० ग्रॅम बोरॅक्स (टाकणखार) आणि ३० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून फवारावं, पूर्ण वाळवावं, मगच अंथरावं. कौलांवरचा कापसाचा बर्फ तर काढूनच टाकावा. तोही पेटणारा, आणि या कौलांवर शोभतही नाही.

खरी चूक उजेडाची. वरून थेट ६५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरेफटक दिवे सोडलेत. भाजल्या मातीचा तांबूस रंग राखेसारखा दिसतो, मरियेच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते. २७०० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे दोन छोटे दिवे बाजूने, खांबाआड लपवले असते तर याच मूर्ती जिवंत वाटल्या असत्या.

दुसरी गोष्ट रीतीची. बाळ येशू गव्हाणीत २४ डिसेंबरच्या रात्री ठेवतात, आणि तीन राजांचा सण ६ जानेवारीला असतो. तोवर राजे वाटेवर, जरा लांब ठेवायचे. इथे डिसेंबरच्या मध्यापासूनच सगळे गव्हाणीभोवती दाटीने उभे आहेत. बेळगावच्या कॅम्प भागातल्या ख्रिस्ती घरांत ही रीत माहीत असलेलं कुणीही व्यवस्थापनाला सांगू शकलं असतं.

तरीही मूर्तींसाठी जरूर जा. दुपारी जा, डाव्या खिडकीच्या बाजूने उभे राहा. तिथून दिवसाचा उजेड चेहऱ्यांवर तिरपा येतो.