नापास झाल्याचा कागद मागून घेणाऱ्या मॅडम

मी खारघरची, गेली तीन वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. मागच्या जुलैत पाच आठवड्यांच्या रजेवर आईकडे आले, तेव्हा गाडी शिकायला इथल्या या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये २० दिवसांचा क्लास लावला. परवाना माझ्याकडे आधीच होता, आपला भारतीय. पण तो निव्वळ कागदावरचा. कॉलेजात असताना दुसऱ्या एका ठिकाणी शिकले होते. तिथले सर त्यांच्या बाजूचा क्लच दाबत राहायचे आणि मला वाटायचं गाडी मीच चालवतेय. आठचा आकडा काढला, परवाना आला, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही.

ब्रिटनमध्ये राहायला गेल्यापासून १२ महिने आपल्या परवान्यावर गाडी चालवता येते. इथून काढून नेलेल्या इंटरनॅशनल परमिटने ती मुदत वाढत नाही, आणि भारतीय परवाना तिथे बदलूनही मिळत नाही. माझं पहिलं वर्ष वॉर्डच्या ड्यूट्यांत गेलं. मग ३४ पौंड भरून शिकाऊ परवाना, त्यानंतर थिअरी. थिअरीत ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. शिवाय १४ व्हिडिओ दाखवतात. त्यात धोका दिसू लागला की क्लिक करायचं, आणि ७५ पैकी ४४ गुण लागतात. सराव करताना मी सारखी क्लिक करायचे, कारण आपल्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला प्रत्येक सायकलवाला धोकाच दिसतो. पण फार क्लिक केलं की त्या व्हिडिओचे शून्य गुण मिळतात. ते जमलं. प्रत्यक्ष टेस्टमध्ये मात्र नापास झाले. एका राउंडअबाउटवर, म्हणजे सर्कलवर, उजवीकडून गाडी येत असताना मी आत घुसले आणि परीक्षकांना ब्रेक दाबावा लागला. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, माझ्या नऊच होत्या. पण गंभीर चूक एक जरी झाली तरी संपलं.

मला वॉर्ड सोडून कम्युनिटी नर्सिंगमध्ये जायचं होतं. घरोघरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शन, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस. हे काम मला मनापासून हवं होतं, आणि त्या नोकरीच्या जाहिरातीत तिथला परवाना ही अट होती. तिथे शिकवणीला तासाला तीस-चाळीस पौंड जातात. म्हणून रजेत इथेच हात बसवायचा असं ठरवलं.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "नापास कशात झालात? कागद आहे का?" निकालाचा ईमेल फोनमध्ये होता. स्कूलच्या बाहेर, पावसात, छत्रीखाली उभं राहून त्यांनी तो माझ्याकडून ओळ न् ओळ समजून घेतला. आरसे, चौकातलं बघणं, गाडी हलवताना नियंत्रण, वेग. मॅडम कधी इंग्लंडला गेलेल्या नाहीत. पण त्यांनी तो कागद वहीत उतरवला आणि २० दिवस त्यावरूनच शिकवलं. आम्ही नर्सही पेशंटचा चार्ट पाहिल्याशिवाय औषध देत नाही. मला हे बघून इतकं बरं वाटलं की त्याच क्षणी पूर्ण फी, ७,००० रुपये, भरून टाकली.

दुसरी गोष्ट क्लचची. "ब्रेकवर माझा पाय असेल, सिस्टर. क्लच तुमचा. गाडी बंद पडली तर पडू दे." पहिल्या दिवशी ती अकरा वेळा बंद पडली. मागून हॉर्न वाजत होते, माझे हात थरथरत होते, आणि मॅडम शांतपणे म्हणत होत्या, "न्यूट्रल, हँडब्रेक, स्टार्ट. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही." चढावर गाडी उचलायला आमच्या इमारतीच्या बेसमेंट पार्किंगच्या उतारावर नेलं, तिसऱ्या दिवशी. आठव्या दिवशी पायाला क्लच समजला.

सकाळी सव्वासहाची बॅच घेतली होती. त्या वेळी उत्सव चौक बऱ्यापैकी मोकळा असतो. गाडी डावीकडून चालवायची, सर्कलला घड्याळाच्या काट्यांसारखं फिरायचं आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे ब्रिटनमधलं सगळं इथे करता येतं. मॅडमनी त्या चौकाला एका सकाळी नऊ फेऱ्या मारायला लावल्या आणि प्रत्येक वेळी मोठ्याने बोलायला लावलं: "आरसा बघितला, सिग्नल दिला, उजवीकडे रिक्षा, थांबते, गेली, आता मी." मग शिल्प चौक, मग सेंट्रल पार्कचा रस्ता. हॉर्नला पूर्ण बंदी. रस्ता ओलांडायला थांबलेल्या प्रत्येक माणसासाठी गाडी उभी करायची. मॉर्निंग वॉकवाले काका आधी बिचकायचे, मग हात करून जायचे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून नियमच आहे की झेब्रा क्रॉसिंगवर कडेला वाट बघणाऱ्यालाही जाऊ द्यावं. हे मी एकदाच सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं.

तिथली वेगमर्यादा मैलांत असते. डॅशबोर्डवर मॅडमनी एक चिठ्ठी चिकटवली: ३२ आणि ४८. म्हणजे तिथले २० आणि ३० मैल, आपल्या किलोमीटरमध्ये. ते दोन आकडे डोळ्यांत बसले. पावसाचाही उपयोग झाला. ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं, हे पुस्तकात वाचलं होतं. सायन-पनवेल हायवेवर वायपर जोरात फिरत असताना ते अंगात उतरलं. बॉनेट उघडून ऑइल आणि कूलंट कुठे बघायचं तेही दाखवलं, कारण टेस्टच्या सुरुवातीला असा एखादा प्रश्न विचारतात.

आता जे खटकलं ते. क्लास अर्ध्या तासाचा, पण आधीचा विद्यार्थी उशिरा आला की आपली मिनिटं जातात. माझी तीनदा गेली. मॅडमनी रविवारी भरून दिली, पण हे त्यांनी करावं लागू नये, वेळापत्रक ऑफिसने सांभाळावं. वॅगनआरचा डावा आरसा सैल आहे, खड्डा आला की हलतो. ज्या गाडीवर आरसे बघायला शिकवता तिचा आरसा पक्का हवा, हे मी मालकांना सांगूनही आलेय. ऑफिसचा फोन सहसा उचलत नाहीत, प्रत्यक्ष जा. पॅरलल पार्किंग शेवटच्या दोनच दिवशी झालं, ते कमी पडलं. आणि लेन आखलेले मोठे राउंडअबाउट इथे शिकता येणार नाहीत. त्यासाठी तिथे पोहोचल्यावर मी चार तास वेगळे घेतले आणि जाणाऱ्या सगळ्यांनी घ्यावेत.

ऑक्टोबरमध्ये टेस्ट दिली, तीन किरकोळ चुकांवर पास झाले. ओठांत तेच चालू होतं: आरसा बघितला, सिग्नल दिला. जानेवारीपासून कम्युनिटी टीममध्ये आहे, दिवसाला आठ-नऊ घरं करते.

या रजेत पेढे घेऊन गेले तर मॅडमनी आधी नवा निकाल मागितला आणि तीन चुका कुठल्या ते वहीत जुन्या पानाखाली लिहून घेतलं. पार्किंगची एक होती. आता पार्किंग दहाव्या दिवसापासून घेतात. नाव नोंदवताना सकाळची बॅच आणि मॅडमच हव्यात असं स्पष्ट सांगा. दुपारच्या बॅचला दुसरे सर असतात, त्यांच्याकडे मी शिकलेले नाही.