‘नॅव्हरोन’ कोणाचं ऐकावं: किंग्स्टनचं की कॉव्हेंट्रीचं?

स्का, म्हणजे जमैकाचं ते उड्या मारायला लावणारं नाचाचं संगीत, ऐकायला सुरुवात करायची असेल तर सिनेमाच्या थीमपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. चाल ओळखीची असली की कान मोकळे राहतात आणि ठेक्याशी काय खेळ केलाय ते चटकन पकडता येतं. प्रश्न एवढाच, की कोणाच्या रेकॉर्डिंगपासून?

‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा १९६१चा युद्धपट, संगीत दिमित्री टिओमकिनचं. मूळ थीम म्हणजे भारदस्त लष्करी कूच. जमैकातल्या स्कॅटलाइट्सनी ती किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये वाजवली. हा बँड १९६४ साली जमला आणि पुढच्याच वर्षी फुटला. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग हे त्यातले वादक अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढलेले. गरीब मुलांसाठी नन्सनी चालवलेल्या या शाळेत बँडचं शिक्षण कसून दिलं जाई. त्यामुळे कूच त्यांच्या हातात होतीच, आणि त्यावर जॅझचा रियाज.

ऐकताना ‘एक-आणि-दोन-आणि’ असं मोजून बघा. गिटार आणि पियानोचा तो तोकडा, लगेच दाबलेला आवाज आकड्यावर येत नाही, ‘आणि’वर येतो. लॉइड निबचे ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वजन टाकतात, खाली लॉइड ब्रेव्हेटचा बास न थांबता चालत राहतो. बस्स, एवढ्यावर सैनिकांची चाल नाचणाऱ्यांची होते. आणि थीम वाजवून झाली की काम संपत नाही. वादक ती सोडून आपापलं म्हणणं मांडायला लागतात. माझ्या लेखी खरी गंमत तिथेच आहे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्सचं ‘नॅव्हरोन’ वेगळ्याच कामाचं आहे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय तरुणांचा हा बँड, टू टोन हे १९७९चं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, त्यांच्यातल्याच जेरी डॅमर्सचं. हे रेकॉर्डिंग लंडनच्या लायसियममधल्या कार्यक्रमाचं आहे. ते ज्या लाइव्ह ईपीवर (चार-पाच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) आलं ती १९८०च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. लय पळती, अंगात पंक रॉकचा जोर, आणि गर्दीचा आरडाओरडा वाद्यांइतकाच महत्त्वाचा. बारकावे शोधायला बसलात तर निराश व्हाल. उभं राहून ऐकायची चीज आहे. तरी ट्रॉम्बोनकडे लक्ष द्या. तो रिको रॉड्रिग्जचा, आणि रिकोही त्याच अल्फा शाळेचा.

आता ‘जेम्स बाँड’. ‘डॉ. नो’ या बाँडपटाचं बरंचसं चित्रीकरण १९६२ साली जमैकातच झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाला. थीमचा उगम तर आपल्याला आणखी जवळचा. माँटी नॉर्मनने ही चाल आधी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’वर बेतलेल्या संगीतिकेसाठी बांधली होती, म्हणजे त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या माणसांच्या गोष्टीसाठी. पुढे जॉन बॅरीने तिला गिटार आणि ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांचा, साज चढवला. स्काने तिला परत कॅरिबियनमध्ये नेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. इथे निवड सॅक्सोफोनवाला रोलंड अल्फोन्सो आणि कॉव्हेंट्रीचाच सिलेक्टर बँड (१९८०) यांच्यात आहे. मी बेधडक अल्फोन्सोच्या बाजूने. सिलेक्टरची आवृत्ती जोशपूर्ण आहे, पण त्यांची ताकद त्यांच्या स्वतःच्या गाण्यांत, पॉलीन ब्लॅकच्या आवाजात जास्त दिसते.

जुन्या रेकॉर्डिंगचा खरखरीतपणा सोसत नसेल तर टोकियो स्का पॅराडाइज ऑर्केस्ट्राचं ‘गॉडफादर’ लावा. नीनो रोटाची ती हळवी चाल ब्रासच्या फौजेने वाजवलेली, एकदम चकचकीत आणि नेमकी.

तेव्हा जॅझ, सोलो, वाद्यांचा संवाद आवडत असेल तर डोळे मिटून किंग्स्टन निवडा. रॉकवर वाढलेले असाल, किंवा घरी चार मित्र जमणार असतील, तर आधी स्पेशल्स. मात्र यातलं काहीही फोनच्या स्पीकरवर लावू नका. तिथे बास ऐकूच येत नाही, आणि उरते ती नुसती गिटारची टकटक.