नडगीवर लावलेला सेन्सर की टेबलावर उघडलेला? संशोधनाचा विषय निवडताना

खेळ आणि इंजिनिअरिंग या दोन्हींत जीव रमणाऱ्यांना मास्टर्सच्या किंवा पीएचडीच्या सुरुवातीला गाईड साधारण दोनच वाटा दाखवतात. पहिली म्हणजे सरावाचं साधन बनवा आणि त्याने खेळ सुधारतो हे सिद्ध करा. दुसरी म्हणजे अशाच एखाद्या साधनाचं, बुटाचं किंवा चेंडूचं कच्च्या मालापासून भंगारापर्यंतचं आयुष्य मांडा, पर्यावरणावरचा भार मोजा आणि तो कमी कसा होईल ते सांगा, म्हणजेच जीवनचक्राचा अभ्यास करा. मी दोन्हीकडचं पाणी चाखलंय आणि सध्या दुसरीकडे मुक्काम ठोकून आहे. तेव्हा तराजू कुठे झुकणार ते उघडच आहे. झुकण्याचं कारण मात्र तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पहिल्या वाटेची ओढ मी नाकारणार नाही. खेळाडू धावतोय, पाय टेकल्याचा प्रत्येक धक्का लॅपटॉपवर उमटतोय आणि कोच खुर्ची ओढून शेजारी येऊन बसलाय, ही मजा एक्सेलच्या रकान्यांत नाही. घरच्यांनाही कळतं आपण काय करतो ते. सेमिनारला हॉल भरतो.

पण दिसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. बूट किंवा रॅकेटसारख्या वस्तूचा परिणाम त्याच दिवशी मोजता येतो. कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी बसवलेल्या बुटांवरचा २०१७ सालचा गाजलेला अभ्यास घ्या. १८ तरबेज धावपटू, वेगवेगळे बूट, एकाच वेगाने धावताना खर्च होणारी ऊर्जा, आणि सरासरी ४ टक्क्यांची बचत. प्रश्न नेमका होता, उत्तर नेमकं मिळालं. सरावाच्या साधनाचं तसं नसतं. ते काही आठवडे वापरायचं, मग काढून घ्यायचं आणि त्यानंतरही सुधारणा टिकते का ते बघायचं. सतत फीडबॅक मिळाला की माणूस त्यावर रेलतो आणि फीडबॅक थांबला की कामगिरी घसरते, हे साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली मांडलं. साधन बनवणाऱ्यांना ते आजही अडचणीचं वाटतं. म्हणून साधन हातात असतानाचा आलेख कितीही देखणा असला तरी परीक्षक पहिला प्रश्न विचारणार, ‘साधन काढल्यावर काय झालं?’ त्या उत्तरासाठी तेच खेळाडू काही आठवड्यांनी परत यायला हवेत. तोवर कुणाचा घोटा मुरगळलेला असतो, कुणाच्या स्पर्धा सुरू झालेल्या असतात, कुणाच्या कोचने वेळापत्रकच बदललेलं असतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निकाल लावला तो चिकटपट्टीने.

हसू नका. नडगीवर ॲक्सेलरोमीटर, म्हणजे पायाला बसणारा धक्का टिपणारा सेन्सर, लावायचा तर तो हाडाशी जितका घट्ट तितका खरा. हाडात पिन रोवून कुणी धावणार नाही, म्हणून आपण तो कातडीवर लावतो. आधी केस काढायचे, स्पिरिटने पुसायचं, दुहेरी टेप, वर पट्टा. पहिली काही मिनिटं आलेख सुरेख येतो. मग घाम सुटतो. टेपची एक कड उचलली जाते, सेन्सर केसभर हलतो, आणि धक्क्याची टोकं हळूहळू उंच व्हायला लागतात. पाय जास्त जोरात पडतोय म्हणून नव्हे, तर सेन्सर कातडीबरोबर हिंदकळतोय म्हणून. वाईट हे की आलेखाकडे बघून दोन्हींत फरक करणं कठीण. थकलेल्या धावपटूचा धक्का खरोखरच वाढू शकतो, आणि नेमका तोच तर आपला विषय! पट्टा आवळावा तर पोटरी आखडते आणि धावण्याची ढबच बदलते. सैल ठेवावा तर आकडे खोटे. मधला ताण दर माणसागणिक निराळा, आणि त्याच माणसाचा सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. गणिती गाळणी (फिल्टर) लावून आलेख स्वच्छ करता येतो, पण किती स्वच्छ करायचा हे तुम्हीच ठरवणार, आणि तिथे मला झोप लागत नसे. सगळ्यात चांगला धावलेला माणूस, सगळ्यात चांगलं हवामान, आणि शेवटी नडगीवरून घरंगळत घोट्यापाशी आलेला सेन्सर. त्याला ‘पुन्हा तसंच धाव’ म्हणता येत नाही. तो दमलेला असतो आणि खरं तर त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

चांगली प्रयोगशाळा, फोर्स प्लेट (पाय किती जोरात पडतो ते मोजणारी जमिनीतली पाटी), कॅमेऱ्यांचा संच आणि हाताशी अनुभवी तंत्रज्ञ असेल तर हा त्रास बराच कमी होतो, हे मान्य. माझ्याकडे यातलं अर्धंच होतं.

जीवनचक्राच्या बाजूला त्रास नाही असं मुळीच नाही. असा हिशेब कसा मांडायचा ते सांगणारी आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही आंतरराष्ट्रीय मानकं तुम्ही चाळलेली असतीलच, त्यातल्या चार टप्प्यांची उजळणी नको. खरी मारामारी पहिल्याच टप्प्यात असते, फंक्शनल युनिट, म्हणजे तुलना कोणत्या एककावर करायची ते, ठरवताना. टेनिसचा चेंडू बघा. आत दाब भरलेला चेंडू डबा उघडल्यापासून हळूहळू मवाळ होतो. दाबाशिवायचा चेंडू रबराच्या जाड भिंतीवर उसळतो आणि पुष्कळ टिकतो. ‘एक चेंडू’ हे एकक धरलं तर जास्त रबर लागलेला चेंडू मागे पडतो. ‘एक तासाचा सराव’ धरलं तर तोच पुढे जातो. मग कोच म्हणतो, फेल्ट (वरचं लोकरी आवरण) झिजलेल्या चेंडूने केलेला तास मी सरावात धरतच नाही. नियम सांगतो की २५४ सेंटीमीटरवरून सोडलेला नेहमीचा चेंडू १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळला पाहिजे. मग एकक ‘नियमात बसणाऱ्या उसळीचा एक तास’ असं करायचं का? तसं केलं की क्रम पुन्हा हलू शकतो. मला ही भांडणं आवडतात. ती कागदावर होतात आणि दोन्ही बाजू तपासून बघता येतात.

उत्तरं अधूनमधून चकितही करतात. एमआयटीच्या गटाने २०१३ साली धावण्याच्या एका सिंथेटिक बुटांच्या जोडाचा हिशेब मांडला. ६५ सुटे भाग, ३६० प्रक्रिया, आणि सुमारे १४ किलो कार्बन डायऑक्साइड इतकं उत्सर्जन. त्यातला दोन तृतीयांशाहून थोडा जास्त वाटा कारखान्यातल्या कामाचा होता, कच्च्या मालाचा नव्हे. ‘रिसायकल केलेलं कापड वापरा’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या डिझायनरला यातून बरंच शिकता येतं.

इथली कटकट आहे माहितीसाठ्याची. ओपनएलसीए हे जीवनचक्राचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्यात भरायचा चांगला डेटा सहसा फुकट नसतो. मिळालेला आकडा दुसऱ्याच देशातल्या विजेवर चालणाऱ्या कारखान्याचा असतो. पुरवठादाराला विचारावं तर तो गोड बोलून काहीच सांगत नाही. एका छोट्या सर्किट बोर्डासाठी मी चक्क तराजू आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो. शिवाय ‘आमची वस्तू त्यांच्यापेक्षा हिरवी’ असं जाहीर करायचं तर १४०४४ प्रमाणे तज्ज्ञांच्या मंडळाकडून परीक्षण करून घ्यावं लागतं. प्रबंधापुरतं ते टळतं, पण नोकरीत गाठतं.

तरीही एक गोष्ट माझ्या लेखी निर्णायक ठरते. गृहीतक चुकलं तर रात्री अकरा वाजता ते बदलून सगळं गणित पुन्हा चालवता येतं. विजेचा स्रोत बदला, आयुष्य तीन वर्षांऐवजी दोन धरा, निकाल किती हलतो ते बघा. कुणाला फोन नाही, कुणाचा घाम नाही, कुणाच्या दुखऱ्या गुडघ्याची परवानगी नाही.

आणि गंमत म्हणजे खेळाची साधनं यातून सुटत नाहीत. ज्या सेन्सरने मला नडगीवर छळलं, त्याच जातीचा एक निकामी सेन्सर मी नंतर टेबलावर उघडला. कवच दोन्ही बाजूंनी वितळवून जोडलेलं, स्क्रू एकही नाही. आत बोर्ड ठणठणीत, मेला होता तो फक्त लिथियमचा छोटा सेल, तोही गोंदाने बसवलेला. करवतीशिवाय आत जाता आलं नाही. म्हणजे या साधनाचं आयुष्य खेळाडू ठरवत नव्हता, सेल ठरवत होता. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. घाम आत जाऊ न देणारं आणि तरीही उघडता येणारं कवच कसं करायचं, हा प्रश्न घेतला तर दोन्ही वाटांचं काम एकाच प्रबंधात होतं. आज विषय निवडायचा असता तर मी बहुधा हाच घेतला असता.

ज्यांना माणसांत रमायला आवडतं, ज्यांचा एखाद्या संघाशी आधीच घरोबा आहे, त्यांनी पहिली वाट खुशाल धरावी. तुमच्या हातून कुणाची दुखापत टळली तर माझे सगळे तक्ते त्यापुढे फिके. फक्त होकार देण्याआधी गाईडला दोन गोष्टी विचारा. खेळाडू कोणत्या महिन्यांत नक्की मिळतील, आणि सेन्सर बसवायला रोज कोण येणार. दुसऱ्या उत्तरात तुमचंच नाव आलं, तर आधी एक टेपचं रीळ घ्या, सेन्सरच्या वजनाचं काहीतरी स्वतःच्या नडगीवर चिकटवा आणि भर दुपारी तासभर धावून या.