डावखुऱ्यांनी कुठलं रील घ्यावं? स्पिनिंग, डाव्या हँडलचा बेटकास्टर की उजव्या हँडलचा

डावखुरा माणूस गरवायचं, म्हणजे रॉड-रील लावून गळाने मासे पकडायचं, सामान घ्यायला गेला की दुकानदार बहुतेक हेच सांगतो, लेफ्ट हँड रील स्टॉकला नाही, मागवावं लागेल. मग माणूस एकतर हात हलवत परत येतो नाहीतर समोर असेल ते उचलतो. खरं तर बऱ्याच डावखुऱ्यांना लेफ्ट हँड रील लागतच नाही, आणि ज्यांना ते खरोखर कामाला येतं ते बहुतेक उजवे लोक असतात. ऐकायला उलटं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर आडवं बसणारं आणि कास्ट मारताना अंगठ्याने आवरायचं रील, एकदा घेतला की त्याचं हँडल दुसऱ्या बाजूला जात नाही आणि चांगल्या बेटकास्टरला पैसे काही थोडेथोडके पडत नाहीत.

बॉक्सवर लेफ्ट लिहिलंय म्हणजे हँडल डाव्या बाजूला, बस. तुम्ही डावखुरे आहात की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. शिमानोच्या बेटकास्टरमध्ये नंबरवरून कळतं, २०० म्हणजे उजवं हँडल आणि २०१ म्हणजे डावं, तसंच १५० आणि १५१. दायवा आणि अबू गार्सिया मॉडेलच्या शेवटी एल लावतात. ऑनलाईन मागवताना फोटोवर जाऊ नका, बऱ्याचदा फोटो एकच असतो आणि मॉडेल दुसरंच येतं, नंबर वाचा.

आता तुमचा हात कुठला ते आधी ठरवा. लिहिता कुठल्या हाताने हे बघू नका, खाडीवर दगड भिरकावताना कुठला हात वर जातो ते बघा, कास्ट मारणं हे फेकण्याचंच काम आहे. उजव्या हाताने लिहिणारे पण डाव्या हाताने फेकणारे लोक असतात आणि उलटेही असतात. फेकायचा हात रॉडवर आणि दुसरा हात हँडलवर, म्हणजे कास्ट मारल्यावर रॉड या हातातून त्या हातात घ्यावा लागत नाही. माझा सगळा हिशोब यावरच आहे.

स्पिनिंग रीलपासून, म्हणजे रॉडच्या खाली लटकणाऱ्या रीलपासून सुरू करतो, कारण कोकणात नवीन माणूस बहुतेक यानेच सुरुवात करतो आणि करावीही. स्पिनिंगचं हँडल दोन्ही बाजूंना बसतं. डब्यातून काढल्यावर ते साधारण डावीकडे लावलेलं असतं, म्हणजे उजव्या माणसाला तसंच चालतं. डावखुऱ्याने ते काढून उजवीकडे लावायचं, पाच मिनिटांचं काम. फक्त आपलं रील कुठल्या पद्धतीचं आहे ते बघून घ्या. स्वस्तातल्या रीलमध्ये हँडलचा दांडा आरपार जातो आणि समोरच्या बाजूने टोपीवाला स्क्रू तो धरून ठेवतो, तो स्क्रू काढला की हँडल ओढून बाहेर येतं. यातल्या काही स्क्रूंना उलटे आटे असतात, फिरत नाही म्हणून पकड लावून जोर केलात तर आटे जातात, आधी दुसऱ्या दिशेला फिरवून बघा. जरा वरच्या रीलमध्ये हँडल स्वतःच गिअरमध्ये स्क्रूसारखं बसतं, त्याच्या दांड्याला दोन वेगळ्या जाडीचे आटे असतात, एक सुलटा उजव्या बाजूसाठी आणि एक उलटा डाव्या बाजूसाठी. त्यामुळे कुठूनही गुंडाळलं तरी हँडल आवळतच जातं, आणि काढायचं तर मागे फिरवायचं. या प्रकारात हँडल डुलत नाही, मासा लागला की हाताला फरक कळतो. बजेट बसत असेल तर मी हेच घ्या म्हणेन.

बऱ्याच लोकांना वाटतं की हँडल उजवीकडे नेलं की तंगूस, म्हणजे लाईन, उलटा गुंडाळला जाईल आणि पीळ पडेल. तसं होत नाही. हँडल कुठेही असलं तरी पुढेच फिरतं आणि रोटरची, म्हणजे लाईन गुंडाळणाऱ्या फिरत्या भागाची, दिशा तीच राहते. पीळ पडतो तो चुकीचं भरल्यामुळे नाहीतर ड्रॅग सरकत असताना, म्हणजे मासा ओढून लाईन बाहेर नेत असताना, हँडल फिरवत राहिल्यामुळे, त्याला डावं-उजवं काही नाही. रॉडसुद्धा तोच चालतो, स्पिनिंगच्या रॉडला बाजू नसते. फक्त कोणाचा हाताने बांधलेला बेटकास्टिंग रॉड घेत असाल आणि त्यात लाईनच्या रिंगा वरून सुरू होऊन टोकाकडे वळत खाली गेल्या असतील तर त्या कुठल्या अंगाने वळल्यात ते बघा.

हँडल बदललं की आट्यांना ग्रीस लावा आणि मग त्याच बाजूला राहू द्या. एका रीलवर दोघं भाऊ गरवतात आणि हँडल दर वेळी इकडून तिकडे, असं चाललं की पहिली ती टोपी हरवते आणि त्या भोकातून खारं पाणी आत जातं. आपल्याकडची खारी हवा बेअरिंगला सोडत नाही, त्यापेक्षा दुसरं साधं रील घेतलेलं बरं.

आता बेटकास्टर, इथे खरा निर्णय आहे. जुनी पद्धत अशी की उजव्या माणसाने उजव्या हाताने कास्ट मारायची, रॉड पटकन डाव्या हातात घ्यायचा आणि उजव्याने गुंडाळायचं. वर्षानुवर्षं लोक असंच करत आलेत आणि त्यात जमतंही. पण तो बदल करायला जो क्षण जातो तोच क्षण आपल्याकडे महाग पडतो. तांबोशी मासळी कांदळवनाच्या मुळांत नाहीतर धक्क्याच्या खांबापाशी बसलेली असते आणि ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, पाण्यात पडता पडता घेते, घेतली की थेट मुळांत शिरते. चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा, तोही कित्येकदा ल्युअर पडल्यापडल्या उसळतो. त्या वेळी तुमचा रॉड एका हातातून दुसऱ्या हातात जात असेल तर लाईन सैल, गळ बसत नाही किंवा बसला तर मासा आडोशाला. म्हणून उजव्या माणसाला खाडीत तांबोशी-चोणकच्या मागे जायचं असेल तर डाव्या हँडलचा बेटकास्टर, यात मला शंका नाही. कर्ली, वाघोटन, दाभोळची खाडी, जिथे जिथे किनाऱ्याला कांदळवन चिकटलंय तिथे हेच.

डावखुऱ्याचं नशीब इथे चांगलं आहे. तो डाव्या हाताने कास्ट मारतो, डावा अंगठा स्पूलवर, म्हणजे लाईनच्या फिरकीवर, आणि उजव्या हाताने गुंडाळतो, म्हणजे त्याला लागणारं रील हे दुकानात पडून असलेलं साधं उजव्या हँडलचं रील. मागवायला नको, सेकंडहँड बाजारातही तेच जास्त मिळतं, मॉडेलही जास्त. दुकानदाराला तुम्ही डावखुरे आहात हे सांगितलंत की तो लेफ्टचं रील काढतो, म्हणून ते सांगूच नका, हँडल उजवीकडचं द्या एवढंच म्हणा. डावखुऱ्याने डावं हँडल घ्यावं असं फक्त एका बाबतीत म्हणेन, त्याचा उजवा हात गुंडाळायला अगदीच अडखळत असेल तर. पण हात सरावतो, घरी टीव्ही बघताना रिकामं रील फिरवत बसा, काही दिवसांत गती येते.

स्पिनिंग की बेटकास्टर? जेटीवरून आणि कातळावरून कोलंबी लावून पालू, करकरा, गोबरा असं जे येईल ते गरवायचं असेल तर स्पिनिंग, दोन्ही हातांच्या माणसांना. हलका ल्युअर आणि समोरून वारा, या दोन्ही गोष्टी बेटकास्टरला मानवत नाहीत, स्पूल ल्युअरपेक्षा जोरात फिरतो आणि लाईनचा गुंता होतो. बेटकास्टर घ्यावा तो खाडीत नेमक्या जागी ल्युअर टाकण्यासाठी, आणि शिकण्याची चिकाटी असेल तर.

होडीवरचं गणित वेगळं आहे. सुरमईसाठी ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या होडीमागे ल्युअर ओढताना, कास्ट मारायचीच नसते, रॉड होल्डरमध्ये असतो, आणि तिथे जोर लागतो तो गुंडाळायला. म्हणून उजव्या माणसाला उजवंच हँडल बरं, ट्रोलिंगची मोठी रीलं बहुतेक तशीच येतात. इथे मात्र डावखुऱ्याची अडचण होते, त्याचा जोराचा हात डावा आणि त्या आकारात डाव्या हँडलचे पर्याय कमी. त्याने मोठं स्पिनिंग रील घ्यावं आणि हँडल हवं तिकडे लावावं, हा मला सगळ्यात सरळ मार्ग वाटतो. रॉडशिवाय नुसत्या हाताने गरवणाऱ्या हातगरीवाल्याला यातलं काहीच लागत नाही ते सोडा.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, वारा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे आणि फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे समुद्राकडे बघणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर. उजवा माणूस उजव्या खांद्यावरून कास्ट मारतो तेव्हा तो वारा गळ त्याच्याच अंगाकडे ढकलतो. टोपी, चष्मा घाला आणि कास्ट डोक्यावरून सरळ मारा, बाजूने मारू नका. डावखुऱ्याचा गळ त्याच वाऱ्याने अंगापासून लांब जातो, रत्नागिरीच्या मिऱ्यासारख्या उघड्या किनाऱ्यावर हा मोठा फायदा आहे.

जेटीवर मात्र डावखुऱ्याने जागा बघून उभं राहावं. रांगेत सगळे उजवे असतील तर सगळ्यांचे रॉड उजव्या अंगाने मागे जातात आणि तुमचा एकट्याचा डावीकडून, म्हणजे डाव्या बाजूच्या माणसाच्या डोक्याशी. पाण्याकडे तोंड करून रांगेच्या डाव्या टोकाला उभे राहा, मग तुमची बाजू मोकळी आणि शेजाऱ्याचीही. लहान मुलं असतात जेटीवर, तिहेरी गळाचा ल्युअर कोणाच्या गालात गेला तर हॉस्पिटलशिवाय पर्याय नाही.

बाकी सामानात कात्री तेवढी बघा. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब जातात आणि ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, कापली न जाता दोन पात्यांमध्ये दुमडते. नेलकटर किंवा बाजूने कापणारी पकड घ्या, दोन्ही हातांना चालते. घरातलं पोर डावखुरं असेल आणि तुम्ही उजवे असाल तर गाठ शिकवताना त्याला शेजारी बसवू नका, समोर बसवा, आरशात बघितल्यासारखं तुमचा उजवा हात म्हणजे त्याचा डावा, लगेच उमगतं. आणि रॉड हातात दिल्यावर आधी काही न सांगता त्याला फेकू द्या, कुठला हात वर जातो ते बघून मगच हँडल लावा.