फरीदाबाद ते कोल्हापूर : घरसामान पोहोचवणाऱ्या एका कंपनीचा अनुभव

सोळा वर्षे फरीदाबाद येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम केल्यानंतर या जूनमध्ये मी राजीनामा दिला आणि पत्नी, आठवीत जाणारी मुलगी व सगळे घरसामान घेऊन कोल्हापूरला परतलो. शिवाजी उद्यमनगरात भाड्याचा गाळा घ्यायचा आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतून, येणाऱ्या कास्टिंगची (ओतीव भागांची) व मशिनिंग झालेल्या जॉबची (यंत्रावर घडवलेल्या भागांची) मोजमाप-तपासणी करून द्यायची, असा बेत होता. त्यासाठी दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा पगार सोडला, पत्नीने शाळेतली नोकरी सोडली आणि मुलीने मैत्रिणी सोडल्या. ज्या कंपनीने आमचे सामान आणले तिच्याशी नुकसानभरपाईचा पत्रव्यवहार अजून चालू असल्याने मी तिचे नाव देत नाही. मात्र एवढे दूरचे स्थलांतर करू पाहणाऱ्या कुटुंबाला उपयोग व्हावा म्हणून सेवेचा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आमचे सामान दोन खोल्यांचे होते आणि दुसऱ्या कुटुंबांच्या सामानासोबत एकाच कंटेनरमधून न्यायचे, या बोलीवर ४८,५०० रुपये ठरले. संपूर्ण गाडी घेतली असती तर जवळपास दुप्पट खर्च आला असता. अंदाजपत्रकात ई-वे बिलाचे (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याचे) म्हणून १,५०० रुपये लावले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, हे मी निदर्शनास आणून दिल्यावर ती रक्कम निमूटपणे वगळण्यात आली. विचारले नसते तर ती भरावी लागली असती, हे मला खटकले.

बांधणीचे काम मात्र मनापासून वाखाणण्यासारखे झाले. माझ्याकडे ६०० बाय ४०० मिलिमीटरची ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आहे. सुमारे ७० किलोचा हा काळा दगड म्हणजे माझ्या नव्या व्यवसायाचा पाया, कारण उंचीची आणि सपाटीची सगळी मोजमापे त्याच्याच पृष्ठभागावरून घेतली जातात. कोपरा उडाला किंवा पृष्ठभागावर ओरखडा उमटला, तर पुन्हा लॅपिंग करून, म्हणजे पृष्ठभाग बारीक घासून सपाट करून, घेण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही अंगावर येतात. कंपनीच्या मुकादमाने ही गोष्ट एकदा ऐकली आणि लगेच सुताराकडून लाकडी पेटी करवून घेतली, तळाला जाड फोम घातला, प्लेट आडवीच राहील याची खूण चारही बाजूंना केली आणि पेटी कंटेनरच्या तळाशी, पुढच्या भिंतीला टेकवून बसवली. काचेची भांडी, आईने लग्नात दिलेला पितळी बंब, पुस्तके या प्रत्येकाचा खोका वेगळा, त्यावर क्रमांक आणि त्या क्रमांकाची यादी माझ्या सहीसह. अशी माणसे ज्या कंपनीकडे आहेत, तिने पुढे जे केले त्याचे म्हणूनच अधिक वाईट वाटते.

मायक्रोमीटर आणि हाइट गेज ही मोजमापाची नाजूक उपकरणे हातातल्या बॅगेत घेऊन आम्ही हजरत निजामुद्दीनहून आठवड्यातून एकदाच सुटणाऱ्या कोल्हापूर एक्स्प्रेसने आलो. सामान सहा दिवसांत येईल असे लेखी दिले होते. दिल्लीहून गुरुग्राममार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे करत थेट कोल्हापूरला येतो, त्यामुळे वाटेत घोळ होण्यासारखे काही नाही, अशी माझी समजूत होती. सातव्या दिवशी कंपनीच्या ॲपवर ‘मार्गस्थ’ एवढाच शब्द दिसत होता. आठव्या दिवशी दूरध्वनीवर गाडी पुण्याजवळ असल्याचे सांगितले, नवव्या दिवशी दुसऱ्याच माणसाने सामान भिवंडीच्या गोदामात उतरवल्याचे सांगितले आणि दहाव्या दिवशी कोणी दूरध्वनी उचललाच नाही.

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात त्या रात्री आम्ही जमिनीवर सतरंज्या घालून झोपत होतो. बाहेर पाऊस लागला होता. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन रस्ता कित्येक दिवस बंद राहिला होता, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी कधी गाठते, ४३ फुटांची धोका पातळी कधी गाठते, हे येथे घरोघरी विचारले जाते. जूनमध्ये तशी वेळ सहसा येत नाही, हे ठाऊक असूनही मी सकाळी उठून पातळी पाहत असे. पत्नी एकदाच म्हणाली, “आपण घाई तर केली नाही ना?” मला उत्तर देता आले नाही. सामान कोठे आहे हे ठाऊक असते तर हा प्रश्न त्या रात्री इतका जड झाला नसता, असे मला आजही वाटते. परतीचा रस्ता स्वतःच्या हाताने बंद करून आलेल्या कुटुंबाला आपला संसार या क्षणी कोणत्या गावात आहे हे खरे सांगणे, हा या सेवेचा निम्मा भाग आहे आणि तोच या कंपनीने सोडून दिला. आई मात्र रोज ताट वाढून म्हणायची, “सामान यायचं तवा येईल, तू आधी जेव.”

अकराव्या दिवशी कंटेनर तावडे हॉटेल चौकात थांबला आणि चालकाने पेठेच्या गल्लीत गाडी येणार नसल्याने टेम्पोचे व हमालीचे ४,००० रुपये रोख मागितले. पत्ता, गल्लीची रुंदी आणि तळमजला या तिन्ही गोष्टी मी नोंदणीच्या वेळीच लिहून दिल्या होत्या. तो कागद दाखवून आणि कंपनीच्या कार्यालयाशी तासभर वाद घालून अखेर २,००० रुपयांवर मिटले. उतरवायला गल्लीतल्या तालमीची चार मुले न बोलावता आली. प्लेट जशी पाठवली तशीच सुखरूप पोहोचली. कपाटाचा आरसा फुटला होता आणि भिवंडीत खोके पुन्हा रचताना धुलाईयंत्राचा एक पाय वाकला होता.

येथे विम्याबद्दल सांगितले पाहिजे. बिलावर ‘जोखीम शुल्क’ लिहिले म्हणजे विमा उतरला, असे नसते. विमा कंपनीची पॉलिसी, तिच्यावर आपले नाव आणि जाहीर केलेली किंमत हाती पडेपर्यंत गाडी सोडू नये. आम्ही हट्टाने पॉलिसी घेतली होती म्हणून आज दावा उभा आहे. वाहतूकदाराविरुद्ध न्यायालयात दावा लावायचा असल्यास ‘कॅरेज बाय रोड’ कायदा, २००७ नुसार सामानाच्या नोंदणीच्या (बुकिंगच्या) तारखेपासून १८० दिवसांत नुकसानीची लेखी सूचना द्यावी लागते, म्हणून तीही मी स्पीड पोस्टने पाठवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवली असून त्यानंतर कंपनीची उत्तरे वेळेवर येऊ लागली आहेत.

बांधणीसाठी पाचपैकी पाच, वाटेतल्या माहितीसाठी शून्य, पोहोचवणुकीसाठी दोन, असे गुण मी देईन. मौल्यवान किंवा नाजूक सामान असेल तर हीच कंपनी निवडायला हरकत नाही, मात्र जादा पैसे मोजून संपूर्ण गाडी घ्यावी आणि वाटेत सामान उतरवणार नाही हे करारात लिहून घ्यावे.

गाळ्यात प्लेट तीन आधारांवर बसवून समपातळीत आणली आहे. दोन फौंड्रींची कामे मिळाली आहेत, तिसरीशी बोलणे चालू आहे आणि या मिळकतीत घर चालते की नाही हे कळायला अजून काही महिने जावे लागतील. रिकामे खोके पंधरा दिवसांत परत दिल्यास कंपनी प्रत्येकी २० रुपये देते. आमचे ४२ खोके होते. त्यांपैकी ३० परत केले. उरलेले १२ पत्नीने घडी घालून माळ्यावर ठेवले आहेत आणि मीही ते खाली काढायला सांगितलेले नाही.