रातवा आणि रान रातवा

विदर्भात उन्हाळ्याच्या संध्याकाळी पांदणीतल्या धुळीत बसलेला आणि विजेरीच्या उजेडात ज्याचे डोळे लालसर चमकतात तो पक्षी बहुधा साधा रातवा असतो. रान रातवा मात्र मेळघाट किंवा ताडोबासारख्या दाट सागवनाचा रहिवासी आहे. पहिला सुमारे 24 सेंटिमीटर लांबीचा, फिकट आणि मानेमागे बदामी पट्टा असलेला, तर दुसरा अधिक मोठा, गडद राखाडी असून त्याचा तसा पट्टा ठळक नसतो.

तथापि अंधारात रंगापेक्षा आवाजच भरवशाचा, असे माझे मत आहे. रातव्याचा ‘चक्-चक्-चक्-चकर्रर्र’ हा आवाज कठीण फरशीवर उसळत थांबणाऱ्या चेंडूसारखा शेवटी घाईचा होतो. रान रातवा मात्र ‘चुक्-चुक्-चुक्’ असे ठोके एकाच लयीत देत राहतो.

दोघेही उडते कीटक खातात. घरटे दोघेही बांधत नाहीत. मादी उघड्या जमिनीवर, पालापाचोळ्यात, साधारणपणे दोन अंडी घालते. म्हणूनच मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून घेतला, तर ती अंडी वाचू शकतात.